पहाटंचा बार तू बंद केला

दादा, लेकरू झोपलंय तवर जल्दी जल्दी लिहून घेते. उठलं की हात रिकामा न्हाई माझा. अक्षर वाकडं आलं तर हासू नको, तूच शिकवलंय, चुलीतल्या कोळशानं, गोठ्याच्या भिंतीवर. आबा तवा म्हणल्ते, पोरीला अक्षर शिकवून काय तहसीलदार करायची का. तू म्हणला, न्हाई आबा, सासरी गेल्यावर तिला शिव्या लिहून धाडता आल्या पायजेत मला. आता शिव्याच लिहून राह्यले असं समज.

मला रडू येत न्हाई. लई येळ झाला, येतच न्हाई. माय म्हणती, रडू नको गोदे, दूध आटंल. काकू म्हणती, रडून घे, न्हाई तर दूध आटंल. दोघी मिळून एकदा ठरवा म्हणावं. म्या आपली बाजेवर बसून असते, खाली शेगडी, ओव्याचा धूर, लेकराला पाजते, डिंकाचा लाडू दिला की खाते. ग्वाड लागतो. दादा, तू गेला तरी लाडू ग्वाडच लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुला काय झालं ते तुला ठाऊकच हाय, पर ते मला एकदा सरळ मांडू दे. माझ्या डोक्यात ते येगयेगळं पडून राह्यलंय.

आपली ठासणीची बंदूक. परवाना आबांच्या नावाचा, आन बंदूक साऱ्या गावाची. ही करामत तुझी. आधी ती खुंटीवर गंजून राह्यल्ती. डुकरं रातच्याला ज्वारीत शिरायची, निम्मं रान लोळवून जायची. मंग तू बारी लावून दिली. आज आपल्या रानातल्या माळ्यावर, उद्या काकाच्या, परवा गणप्याच्या बापाच्या. लग्नातली मोठी कढई जशी ह्या घरची त्या घरी फिरती, तशी बंदूक फिरायला लागली. आन कढई पोहोचवायला जशी पोरं धाडायची, तशी बंदूक बी पोरंच न्यायची. त्यात कुणाला काय वावगं वाटलं न्हाई. पोरं तर खूश. नामा आन गणप्या, दोघं चौदा-पंधराचे, ह्याच कामासाठी जल्मल्यासारखे. परतूरच्या टेसनावर त्यांनी पलटणीची गाडी बघितल्ती, तवापासून काकाचा नामा साधं चालतच नव्हता. बंदूक खांद्यावर, छाती फुगवून, "डावा, उजवा," आन मागं गणप्या तोंडानं ढोल वाजवायचा.

तवा म्या तुला म्हणलं व्हतं, आठवतं का? म्या सातव्या महिन्यात माहेरी आल्ते, तू माझ्यासाठी चिंचा आणल्त्या. म्या म्हणलं, दादा, परवाना एकाच्या नावाचा, मंग बंदूक साऱ्याची कशी? तू चिंच चोखत म्हणला, "डुकराला कुठं वाचता येतो परवाना? आन विहीर बी एकाच्याच रानात अस्ती गोदे. म्हणून काय पाणी एकानंच प्यायचं?"

म्या चिंच घेतली. तुझं असंच. माणसाचं तोंड बंद करायचं आन वर चिंच द्यायची. दादा, आता उत्तर सुचलंय. विहिरीला कठडा अस्तो. लेकरू पडू नये म्हणून. आता कुणाला सांगू हे?

कठडा तसा बंदुकीला बी व्हता, खोटं कशाला बोलू. पहाटंचा बार. रातभर डुक्कर आलंच न्हाई, तर बंदूक भरलेलीच राह्यती, आन ठासलेली दारू काय तोंडातनं परत निघत न्हाई, उडवूनच टाकावी लागती. म्हणून माळ्यावरून उतरायच्या आधी आभाळाकडं तोंड करून बार काढायचा आन रिकामी बंदूक घरी आणायची. तूच लावलेला नियम. भरलेली बंदूक गावात आणायची न्हाई. त्या बारावर सारं गाव उठायचं. बाया म्हणायच्या, बार झाला, चला, जात्यावर बसा.

मंग म्या बाळंतीण झाले. आन पहिल्याच पहाटं बार झाला तसं लेकरू असं दचकलं, असं दचकलं, की मायनं त्याला छातीशी धरून ओसरीवर येऊन तुला फैलावर घेतलं. "मुडद्या, मामा हाय का वैरी?" तू कान धरून उभा. तिथंच तू जाहीर करून टाकलं, बारसं होईपर्यंत बार बंद. आन गावानं ऐकलं, दादा. सारे बिलकुल राजी. गणप्याचा बाप बाहेरूनच वरडला, "गोदे, तुझ्या लेकरापायी माझी बायको उन्हं येईस्तोवर झोपून राह्यली, आता न्याहारी तूच धाड!" म्या आतनं हासले. मला लई मोठं झाल्यासारखं वाटलं. माझ्या लेकरासाठी गाव गुपचूप उठतंय.

बार बंद झाला, पर बंदूक फिरायची थांबली न्हाई. डुकरांना काय बारशाचं आवतन नव्हतं. मंग भरलेलीच बंदूक ह्या घरची त्या घरी जायला लागली. तुम्ही मोठ्या माणसांनी ठरवलं, वरची टोपी काढून ठेवायची. ती तांब्याची टिकली, तुरीच्या दाण्याएवढी, घोड्याखाली बसवायची. ती नसली की घोडा किती बी आपट, बंदूक म्हणजे लाकूड. बरोबर हाय. तसं बघितलं तर बिलकुल बरोबर हाय.

पोरांना सांगितलं न्हाई, बंदूक आता भरलेली अस्ती म्हणून. काऊन सांगितलं न्हाई? म्या मायला इचारलं. माय म्हणली, सांगितलं असतं तर जास्तच हात लावला असता ना कार्ट्यांनी.

आन पोरांचं एक तुम्हाला ठाऊक नव्हतं. गणप्या बापाच्या चंचीतनं टोप्या काढायचा. सुपारी, कात आन टोप्या एकाच चंचीत. रिकाम्या बंदुकीला टोपी लावून घोडा सोडला की फट करून आवाज होतो, बस. तेवढ्यासाठी. ओढ्यात जाऊन दोघं हे किती दिस करून राह्यले व्हते कुणास ठाऊक. होल्यांवर फट. म्हशीवर फट. एकमेकावर फट. रिकामीच तर अस्ती. बार बंद व्हायच्या आधी त्यांनी जल्मात भरलेली बंदूक उचललीच नव्हती, आन नंतर त्या दिशीपर्यंत टोपी हाती लागली नव्हती.

तुला वाटलं, टोपी न्हाई. नामाला वाटलं, दारू न्हाई. अर्धं अर्धं दोघांना ठाऊक.

म्या बघितलं न्हाई, म्या ऐकलं. माझ्या खोलीला खिडकी कुठं हाय, वर झरोका. दुपार व्हती. दोघं बंदूक न्यायला आले. आबांनी खुंटीवरनं काढून नामाच्या हातात दिली, "सरळ घरी जा रे" म्हणले. तू अंगणात बैलाला चारा टाकून राह्यल्ता. मंग नामाचा आवाज आला, नवा फुटलेला, घोगरा, "हात उप्पर!" आन तू हासला. दादा, तुझं ते हसणं भिंतीतनं बी येतं. तू म्हणला, "आरं बापरे, पलटण आली! घ्या, केले हात वर. चलाव बंदूक, सिपाही, डरता क्या?"

मंग बार झाला.

आता ऐक. म्या हे अजून कुणाला बोलले न्हाई. त्या आवाजानं आढ्यावरची माती माझ्या अंगावर पडली. कोंबड्या, कुत्री, माय, सारे एकदम वरडले. आन म्या आधी लेकराकडं बघितलं. ते झोपलं व्हतं. दादा, ते हललं बी न्हाई. मुठी मिटून, तोंड उघडं टाकून झोपून राह्यलं. एवढ्या दिसात त्याला कसल्याच आवाजाचं काय वाटेनासं झाल्तं आन आपल्याला कळलंच नव्हतं.

तुला ओसरीवर आणून टाकलं, माझ्या भिंतीला लागून. म्या उठले तर मायनं दारातनं हात केला, येऊ नको, ओली बाळंतीण तू, सोयर हाय. म्या थांबले. काऊन थांबले कुणास ठाऊक, पाय आपोआप थांबले. भिंतीला हात लावून उभी राह्यले. तुझा श्वास ऐकू येत व्हता, फाटक्या भात्यासारखा. तू हाक मारली. "गोदे."

म्या म्हणलं, "काय रे."

"लेकरू उठलं का?"

"न्हाई उठलं. झोपलंय."

तू दोन-तीन श्वास ओढले. मंग म्हणला, "वा रे गडी."

एवढंच. आपल्या दोघांतलं एवढंच शेवटचं. मंग तुला परतूरच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपून राह्यले, तवर तू आबांना बोललास ते बी म्या ऐकलं. "आबा, पोराचं नाव घेऊ नका. म्याच साफ करून राह्यल्तो, सुटली. असंच सांगा. माझी आण हाय तुम्हाला. साऱ्यांना माझी आण हाय." काका तिथंच व्हता, नामाचा बाप. तो तुझ्या पायावर पडला म्हणे. तू म्हणला, काका, उठा, रान मोकळं पडलंय, जा. मरतानी बी तुला डुकरांचीच काळजी.

परतूरचं टेसन दिसायच्या आत तू गेला.

दुसऱ्या दिशी परतूरच्या पोलीस ठाण्यातनं अमीन साहेब आले. घोड्यावरनं उतरले, बंदूक हातात घेतली, दांड्यापासनं तोंडापर्यंत बोटानं मापली. माणसाएवढी लांब बंदूक. मंग इचारलं, "साफ करते वक्त? पेट में? इसके हाथ कितने लंबे थे?"  सारं गाव खाली मान घालून. त्यांनी एकेकाकडं बघितलं, बंदूक घेतली आन गेले. गावानं सुस्कारा टाकला. तुझी आण पाळली. सगळ्यांना एकदम हलकं वाटलं, म्या बघून राह्यल्ते दाराच्या फटीतनं, गणप्याचा बाप तर घाम पुसून पानाला चुना लावायला लागला.

दादा, तुझ्यावर म्या इथं चिडलेय. चिडलेय म्हणजे राग येत न्हाई, राग बी येत न्हाई, पर चिडलेय. तू नामाला वाचवलं. बराबर केलं, चौदा वर्षांचं पोरगं कैदखान्यात जाऊ नये. पर त्याच्या मागं तू साऱ्यांना वाचवून टाकलं. आबा सुटले, काका सुटला, टोप्या चंचीत ठेवणारा सुटला, बार बंद केला म्हणून तुझं कवतिक करणारी माय सुटली. तू स्वतःचं नाव घेतलं आन बाकी कुणाला आपलं नाव घ्यायची गरजच उरली न्हाई. ह्याच्यावर आपलं भांडण व्हायला पायजे व्हतं. मोठं भांडण. तू जिंकला असता, ठाऊक हाय. पर व्हायला पायजे व्हतं.

पोरांचं सांगते. नामा बंदूक टाकून जो पळाला तो ज्वारीत सापडला, दिवस कलल्यावर. तुझं मरण त्याला कुणी सांगितलं बी न्हाई, त्यानं मढं बघितलं. तवापासून तो जेवत न्हाई. काकू त्याला दूधसाखर घेऊन मागं मागं फिरती, म्हणती, "तू काय न्हाई केलं रे राजा, दादानंच साफ करतानी उडवून घेतली." डोळ्यात डोळे घालून म्हणती. आन तिकडं गणप्याला बापानं गुरासारखा झोडला, टोप्या चोरल्या म्हणून. फकस्त टोप्या चोरल्या म्हणून. एकाला टोपीपायी मार आन एकाला जिवापायी साखर. दोघांशी खरं कुणीच बोललं न्हाई.

मंग ठरलं, नामाला आष्टीला मामाकडं धाडायचं. तिथं गेला की इसरंल. काकाची गाडी आज सकाळी निघायची व्हती.

काल दुपारी तो माझ्या दाराशी आला. काकू न्हाणीत व्हती, माय रानात गेल्ती. उंबऱ्याच्या बाहेर बसला, आत यायला भितो. किती वाळलाय दादा, गळ्याची घाटी तेवढी वर आली. म्हणला, "आक्का, तुला एक इचारू? तू ऐकत व्हती ना आतनं?"

"व्हते."

"दादानंच म्हणलं ना, चलाव?"

"म्हणलं."

"आन दादानंच सांगितल्तं मला. रिकामी असली तरी माणसाकडं तोंड धरायचं न्हाई. दर बारीला सांगायचा. आन मंग त्यानंच हात वर केले." त्यानं नाक पुसलं. "आक्का, सगळे म्हणून राह्यले तू न्हाई मारलं. माझ्या हातात बंदूक व्हती. घोडा माझ्या बोटानं पडला. म्याच मारलं ना दादाला?"

दादा, तुझी आण माझ्या डोक्यावर व्हती. भिंतीपलीकडनं घातलेली, पर व्हती. आन ते पोरगं असं बघून राह्यलं, जसं कुणी पाण्यात बुडतानी काठावरच्याकडं बघतं. म्या न्हाई म्हणले असते तर ते आज आष्टीला गेलं असतं. तिथं मामा म्हणला असता न्हाई, मामी म्हणली असती न्हाई. जल्मभर सारे न्हाई म्हणले असते आन त्याला एकट्यालाच ठाऊक राह्यलं असतं. येडा झाला असता तो.

म्या म्हणलं, "हो नामा. तूच मारलं."

त्यानं उंबरा दोन्ही हातांनी धरला.

"तुझ्या हातानं झालं. माणसावर बंदूक धरली, चोरून टोपी लावली, ही तुझी चूक. पर ती भरलेली हाय हे तुला ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक व्हतं. साऱ्या मोठ्या माणसांना ठाऊक व्हतं, दादाला बी. आमच्यातल्या एकानं बी तुला सांगितलं न्हाई."

"मंग ते न्हाई काऊन म्हणून राह्यले?"

"तुला हो म्हणलं की मंग तू इचारशील, भरलेली माझ्या हातात दिली कुणी."

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मंग म्हणला, "दुखलं का त्याला?"

म्या म्हणलं, "लई दुखलं." आन सारं सांगितलं. भाता, ओसरी, गाडी, वा रे गडी, सारं. तो ऐकून राह्यला, गुडघ्यात तोंड घालून, आन मंग जो रडायला लागला तो मोठ्यानं, लहान लेकरासारखा, काकू न्हाणीतनं ओल्या लुगड्यानं पळत आली. मला म्हणली, "काय सांगितलं गं रांडे माझ्या लेकराला?" म्या म्हणलं, "त्यानं इचारलं ते." तिनं मला लई बोल लावले. पर तिनं त्याला उठवलं तसं त्यानं पहिल्यांदा भाकर मागितली. ती रडत रडतच चुलीकडं गेली.

आज सकाळी गाडी जुंपली. म्या दारात उभी राह्यले, सोयर का बियर, कुणी अडवलं न्हाई. नामा गाडीत चढला, मंग परत खाली उतरला. अंगणाच्या मधोमध उभा राह्यला आन म्हणला, "दादाला म्या मारलं." घोगऱ्या आवाजात, एवढ्या जोरात की शेजारचे भिंतीवरनं डोकावले.

काका एकदम, "गप! गाडीत बस! खुळा झाला का?"

"दादाला म्या मारलं. म्या अमीनाला सांगणार."

काकानं हात उगारला. आबा तिथंच लिंबाच्या बुडाशी बसले व्हते, तू गेल्यापासनं ते तिथंच बसतात, कुणाशी शब्द न्हाई. ते उठले. दादा, किती हळू उठले. काकाचा हात धरला.

"मारू नको त्याला," आबा म्हणले. "ती बंदूक म्या दिल्ती. खुंटीवरनं म्या काढली. भरलेली ठाऊक असून दिली, आन सरळ घरी जा म्हणलं. दुसरं काय म्हणलं न्हाई."

काका म्हणला, "भाऊ, लेकानं मरतानी आण घातलीय."

"घातलीय. ती त्यानं आपल्याला बरं वाटावं म्हणून घातली. त्याला तशी खोडच व्हती." आबा गाडीजवळ गेले, साटीला धरून चढले, नामाला हात दिला. "परवाना माझ्या नावाचा हाय. अमीन इचारंल ते मला इचारंल. तू फकस्त तुझं सांग, माझं म्या सांगतो. चल बाळा."

काकानं हात खाली घेतला. मंग कासरा हातात घेतला आन स्वतःच हाकायला बसला. गाडी वेशीतनं निघाली आन आष्टीच्या वाटंला न्हाई लागली, परतूरच्या लागली.

अजून आले न्हाईत. उन्हं उतरून राह्यली. माय ओसरीवर बसलीय, काकू तिच्या शेजारी, दोघी एकमेकीशी बोलत न्हाईत पर एकाच सुपातल्या तुरी निवडून राह्यल्या. अमीन काय करंल मला ठाऊक न्हाई. चांगला माणूस वाटला, पर चांगला माणूस बी कायद्याचाच. आबांना ठेवून घेतील का, नामाला ठेवून घेतील का, दोघांना, का दोघं येतील. म्या केलं ते बरोबर का चूक, हे बी मला ठाऊक न्हाई. तू असता तर म्हणला असता, गोदे, तुझ्या तोंडाला कुलूप न्हाई. आन म्या म्हणले असते, तुझ्या बंदुकीला तरी कुठं व्हतं. मंग तुझ्याकडं उत्तर नसतं. एकदा तरी नसतं.

लेकरू चुळबुळ करून राह्यलं. उठंल आता.

दादा, तू नामाला लपवून वाचवलं आन म्या त्याला उघड्यावर धाडलं. दोघांनी त्याच्या भल्यासाठीच. आता तो कसा परत येतो, ते बघायला तू पायजे व्हता.